एम्ब्रेसला माणूस लागतो

सात रस्त्याच्या इंग्लिश क्लासमधली माझी फजिती तुमाला सांगितलीच न्हाय की! रिटायर झाल्यावर मी तितं जायचो. पोरगं परदेशात हाय, सूनबाईला मराठी येत न्हाय, म्हणून शिकतोय, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

एकदा सरांनी वेढण्याचे, गुंफण्याचे शब्द दिले. सराउंड, एन्ट्वाइन, एम्ब्रेस. म्हणाले, "काका, तुमच्या घरातलं एखादं वाक्य करा बरं."

मी उठून ठोकून दिलं, "फोर वॉल्स एम्ब्रेस मी."

सगळा वर्ग लई हसला. सर म्हणाले, "काका, भिंती सराउंड करतात. एम्ब्रेस म्हणजे मिठी मारणं. त्याला माणूस लागतो."

म्हटलं, "सर, घरात माणूस असता, तर मी हितं आलो असतो व्हय?"