फिरत्या कपबशा

...मी म्हनतो, साखर सरतेच कशी? मुंगळे नेतेत का डोक्यावर घेऊन? त माही घरवाली रुखमाबाई काय म्हनते, "मुंगळे नाई जी, तुमचे सोयरे नेतेत, चाय पेऊन!"

तुमाले सांगतो, पोटाले कितीक लागते हो! धान घरचं, लाखोळीची डाळ घरची, जवसाची चटनी घरची. माह्या बापाच्या घरी पाव्हना आला का लोटाभर पानी अन् गुळाचा खडा. पाव्हना खूश, बापही खूश! मंग सवराज आलं अन् त्याच्या मागं मागं चाय आला. चाय आला त साखर आली, साखर आली त कपबशी आली, कपबशी आली त बसाले खुर्ची... काऊन? मांडी मोडली का तुमची?

बरं, कपबशा म्हनान त साऱ्या गावात एकच सेट. पोचूभाऊनं चांद्याच्या जत्रेतून आनलेला, निळ्या फुलायचा, एका कपाचा कान तुटका. ज्याच्या घरी पाव्हने, त्याच्या घरी कपबशा. सारं झाकून जाते.

परवा माही पोरगी मनकर्णा, तिले पाहाले पाव्हने आले. आधीचे दोघं 'कळवतो' म्हनून गेले ते गेलेच. आता हे बी हुकलं त? झोप नाई येत हो बापाले! अन् झालं काय, पाव्हने आधी शेजारच्या लटारूची पोरगी पाहाले बसले, मंग आमच्याकडं. कपबशा कुठी? लटारूकडं! पाव्हने समोरच्या रस्त्यानं निंगाले, अन् आमची रुखमाबाई मागच्या वाडीतून, काट्याचं कुपन ओलांडून, पदरात कपबशा घेऊन पळून राह्यली! पाव्हन्यायनं पाय धुतले नाई त चाय हजर!

पोराचे बाप गुणवंतराव. त्यायनं कप उचलला. फिरवला. म्हनतेत, "काऊन जी, ह्या तुटक्या कानाच्या कपात मी आत्ताच त्या घरी चाय पेलो ना?"

मेलो! मनकर्णाची मान खाली, रुखमाबाई दाराआड. आता झाकता काय? सांगून टाकलं, "होय जी, गावात एवढ्याच हायेत."

मानूस हासला न जी! बशीत ओतून फुर्रकन पेला. म्हनते, "बेस! जे गाव एका कपात चाय पेते, तिथली पोरगी माहं घर जोडून ठेवीन. पसंत! अन् आयका, हुंडा नको, बाजा नको. पोटाले कितीक लागते हो! डाळ-भात घाला, झालं."

डोळ्यात पानी आलं माह्या, खोटं नाई सांगत. म्या सहज इच्यारलं, "मानसं कितीक येतीन जी?"

"घरचेच."

"घरचे म्हंजे?"

"आमचं गाव बी तुमच्यावानीच हाये न भाऊ. सारं गाव घरचंच!"

केवढं गाव हाये हो त्यायचं! ह्या टोल्यावरून, म्हंजे ह्या वस्तीवरून, हाक मारली त त्या टोल्याले आयकू जात नाई! पोटाले कितीक लागते म्हनते... एका पोटाले नाई लागत हो, गावाच्या पोटाले लागते! कपबशा कुपनावरून आनल्या, एवढा भात कोनाच्या कुपनावरून आनू?

काय करता? हात जोडले, "या" म्हनलं. पाव्हने गेले अन् मी भिंतीले टेकलो. रुखमाबाईले म्हनलं, चाय ठेव वं... आता नुसतं बसून रडाचं म्हनलं तरी चाय लागते.