आईच्या नावाचा रकाना

(जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, जाड वही आणि बीपीचं यंत्र. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं. आत आई पडून आहे. दुपारचे दोन वाजलेत.)

मुलगी: परत लाल पट्टी. ‘फाइल वाचता आली नाही’ म्हणतंय.

बाबा: मग चष्मा लाव म्हणावं त्याला.

मुलगी: चेष्टा पुरे हं, बाबा. चार वाजता डॉक्टरांसमोर बसायचंय. मागच्या खेपेला त्यांनी बजावलंय ना? दवाखान्यात आईचं बीपी एकशे अठ्ठ्याऐंशी आणि त्याच सकाळी तुमच्या वहीत एकशे छत्तीस. एवढी तफावत कशी? सगळं एका तक्त्यात आणा, मग गोळ्यांचं बघू.

बाबा: वही दिली की तुला. सहा महिन्यांत एक दिवस चुकवलेला नाही.

मुलगी: वही मी टाइप केली. आता यंत्राच्या मेमरीतलं हवंय आणि दवाखान्याचे कागद. यंत्र महिना आधी लिहितं, तुम्ही तारीख आधी लिहिता, आणि दवाखानेवाले तर कागदाचा वाकडातिकडा फोटो पाठवतात. तीन तिघाडा, काम बिघाडा.

आई: जेवलात का गं दोघं?

मुलगी: जेवतो गं, आई. तू पड... हं, घेतली एकदाची! एकशे ऐंशी ओळी. अरे वा, बाबा, तुमची वही आणि यंत्र, एकूण एक आकडा जुळतोय.

बाबा: जुळणारच. चाळीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त केलेत. ग्रॅमभर इकडेतिकडे खपवून घेतलं नाही.

मुलगी: मग दवाखान्याचंच का जुळत नाही?

बाबा: डॉक्टरच म्हणाले नव्हते का? दवाखान्याची पायरी चढली की भीतीनं वाढतं माणसाचं.

मुलगी: म्हणाले होते. म्हणूनच तर गोळी वाढवली नाही. पण तिला चक्कर येते, पाय सुजलेत, ते काय भीतीनं? आणि आता घरचंही चढत चाललंय, म्हणून तर रजा टाकून आले मी. थांबा, माझेच रकाने उलटेपालटे झाले असतील.

बाबा: तेच असणार. राहू दे ना तो खटाटोप. वही घेऊन जाऊ.

मुलगी: नाही हो, रकाने बरोबर आहेत. पण नाडीसुद्धा जुळत नाही. आईची ती पांढरी गोळी नाडी मंद ठेवते. दवाखान्यात तिन्ही वेळा साठाच्या आत. यंत्रातही पहिले चार दिवस साठाच्या आत. आणि पाचव्या दिवसापासून रोज ऐंशीच्या वर.

बाबा: चहा टाकू का?

मुलगी: त्याच दिवशी बीपी एकदम एकशे बावीसवर आलं. गोळी लागू पडली म्हणून किती खूश झालो होतो आपण. बाबा, चहा नको. बसा. पट्टा कुणाच्या दंडाला लावत होतात?

बाबा: हळू बोल. ती ऐकेल.

मुलगी: बाबा!

बाबा: चार दिवस तिलाच लावला गं. पट्टा आवळला की कळवळायची. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर हातात काय उरलंय तिच्या? काळेनिळे वळ उठायचे. पाचव्या दिवशी हात पांघरुणात लपवला. तेवढ्यात तुझा फोन, ‘आकडा सांगा.’ काय सांगणार? लावला माझ्याच दंडाला.

मुलगी: आणि सहा महिने तेच?

बाबा: एकशे बावीस ऐकून तुझा आवाज किती हलका झाला होता त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी खरं सांगायला तोंड राहिलं नाही.

मुलगी: तुम्ही असं करावं? काट्याला अंगठा लावला म्हणून भर बाजारात एका दुकानदाराची अब्रू काढली होतीत!

बाबा: त्यानं नुसता अंगठा लावला होता, बाळ. मी अख्खा हात लावला.

आई: त्यांच्यावर ओरडू नकोस. मीच म्हटलं होतं, आज माझ्याऐवजी तुम्ही लावा. रोज सकाळी इथं बसायचे. एका हाताला पट्टा, दुसऱ्या हातात माझा हात. मला वाटलं, यंत्राला काय, कुणाचाही दंड चालतो.

मुलगी: अगं, त्याच आकड्यांवर तुझ्या गोळ्या ठरत होत्या! आता कुणाला बोल लावू? मीही शहाणी, रोज फोनवर आकडा विचारायचे. तू कशी आहेस, हे विचारायचं सुचलं नाही मला.

बाबा: पुसून टाकता येत नाही का ते?

मुलगी: पुसून काय उरतं? तुम्ही आईला पट्टा लावलेले चार दिवस आणि दवाखान्याचे तीन. सात आकडे. मधलं मी कुठून आणू, बाबा? हे सॉफ्टवेअर वही घेईल, यंत्र घेईल, वाकडा फोटोही घेईल. पण मोजलंच नाही ते कुठून घेणार?

बाबा: डॉक्टरांना मी सांगतो. माझ्या तोंडानं सांगतो.

आई: मला लाव आता पट्टा. दुखलं तर दुखू दे.

मुलगी: आले, आई. रकान्याचं नाव तेवढं बदलते. ‘आई’ लिहिलंय, तिथं ‘बाबा’... बाबा, जरा इकडे या.

बाबा: आणखी काय निघालं?

मुलगी: ही रेघ बघा. एकशे बावीसवरून चढत चढत एकशे बासष्ट. गेल्या महिनाभरात तर एकदाही खाली आलेली नाही. ही तुमची आहे, बाबा. रोज स्वतःच्या हातानं लिहीत होतात. दिसलं नाही तुम्हाला?

बाबा: दिसत होतं की. रोज दिसायचं.

मुलगी: मग बोलला का नाहीत?

बाबा: मला वाटायचं, हिचंच वाढतंय.