नरपडच्या चिकूवाडीला लागलेली धाप

"हॅलो?... कोण, मयुरा?... बोल गं, काकूच बोलतेय. जरा मोठ्यानं बोल, इथं चिकू उतरवतायत."

निर्मलाकाकूंनी पाटी कमरेवर टेकवली. पुतणी पुण्याहून, पीएच.डी.च्या भर तोंडी परीक्षेतून फोन करते म्हणजे काहीतरी शिजलं होतं.

"परीक्षक समोरच बसलेत?... मग मला कशाला विचारतेस?... हां... उपग्रह वरून वाडीचा हिरवेपणा बघतो... त्यावरून तुझं गणित सांगतं, झाडांनी कार्बन किती घेतला, पाणी किती सोडलं... आणि वाडीतला मनोरा खरं मोजतो. कळलं गं, चार वर्षं तेच ऐकतेय... मग बिघडलं कुठे?... दसऱ्यापासून?... उपग्रह म्हणतो झाडं ठणठणीत, आणि मनोरा म्हणतो वाडी कार्बन सोडते... कशासारखी? वीटभट्टीसारखी?... सर म्हणतात गणितच चुकलं? सगळं पहिल्यापासून?... रडू नको. अगं ऐक ना..."

काकूंनी पाटी खाली ठेवली, मनोऱ्याकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणला.

"दसऱ्याला आपण पंपाची, टेम्पोची पूजा करतो ना... अण्णा म्हणाले, नातीचंच यंत्र उपाशी का?... नाही नाही, वरच्या डब्यांना हात नाही लावला. लाहू गडी माळ घेऊन चढत होता, मीच उतरवला... फक्त बुंध्याशी धूप... उदबत्ती नाही गं, घमेलं. गोवऱ्या नि राळ... तेव्हापासून रात्रंदिवस. अखंड म्हटल्यावर... काय? पाणीपण जास्त दिसतंय?... मग ती खीर. नैवेद्याची, रोज तिथंच उकळते... पातेलं मोठं आहे, सगळी वाडी जेवते..."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो?... हसतेस की रडतेस?... म्हणजे गणित बरोबर आहे?... मग सांग की सरांना... धूप विझवून दाखवायचा? आत्ता?... थांब. अहो अण्णा, विझवा ते."

अण्णांनी मान हलवली. उभी नव्हे, आडवी.

"मयुरा, ते नाही म्हणतायत... अगं, तुझ्याच परीक्षेचा नवस आहे. तू पास होईपर्यंत विझवायचा नाही... हो, ते आलं माझ्या लक्षात. तो विझेपर्यंत तू पास होणार नाहीस... सांगितलं की. म्हणाले, मग जळू दे... तू सरांना दे फोन.

"नमस्कार सर... असं करा, आधी तुम्ही पास करा, लगेच विझवतो... उलट नाही जमणार, अण्णा ऐंशीचे आहेत... विझल्यावर आकडे जुळले तर पास? हे असं तोंडानं म्हणा, फोन त्यांच्या कानाला लावते... ऐकलंत अण्णा?... लाहू, ओत पाणी.

"सर, मनोऱ्याची रेघ दिसतेय तिथं?... रेघ वर गेली? ती वाफ. धीर धरा जरा... उतरतेय?... गणिताच्या रेघेला टेकली?... झाली ना मग पोरगी पास?... आभार सर. आणि अण्णा विचारतायत, नवस फळला हे तिच्या प्रबंधात कुठल्या पानावर येणार?... सर?... हॅलो?"