पुढच्या खोलीतलं टेबल

शनिवार, नऊ मे, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. ही वेळ लक्षात असू द्या, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

समारंभाच्या अध्यक्ष, आदरणीय गैक निओ बाई; व्यासपीठावरचे मान्यवर; आपल्या मलाक्का पेरानाकान मंडळातून निवृत्त होणारे सचिव बेंग हुआत; आणि मघापासून गूळभरल्या ओंडे-ओंडेच्या ताटाकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

सचिवांविषयी मी गोड बोलावं, अशी मंडळाची इच्छा आहे. बोलते. या वास्तूचं छप्पर गळायचं, तेव्हा बेंग हुआत स्वतः शिडीवर चढले. उतरले ते डोक्यावर कोळिष्टकांची टोपी घेऊन. त्यांच्या बायकोनं त्या दिवशी ओळख दाखवली नाही. हसा, खरं आहे ते! मंडळासाठी इतकं झिजणारा माणूस पुन्हा मिळणार नाही. झालं गोड बोलून.

आता आपली पोह लियान. तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलीय ती. कॉन्व्हेंटमध्ये मी तिला गणित शिकवलं. आलेखाच्या कागदावर ही नुसते ठिपके भरायची.

"हे काय गं?"

"मासा, मिस. शेपूट अजून दिसली नाही मला."

मलाक्कात रुजलेल्या आपल्या चिनी घराण्यांत मण्यांच्या सपाता आज्याही करत. नवरीनं नवऱ्यासाठी करायच्या, ही रीतच होती. पण डोळे मिटून आधी मासा बघणारी मी ही एकच पाहिली. बँकेत लागली, तरी जेवणाच्या सुट्टीत मणीच टाचायची.

मग तिची आई गेली. दुखवट्यात तिच्या मावशीनं रिवाजाप्रमाणे निळा-पांढरा पोशाख घातला. पायांत मात्र रबरी चपला. त्या रंगांच्या सपाता आता करतो कोण? पोह लियानच्या मनात आलं, दुःखातल्या बाईच्या पायांत काही सुंदर असलं तर? तिनं ती जोडी केली. मावशी ती घालून दारापर्यंत आली, आणि मग कितीतरी दिवसांनी बाजारात गेली. पुढे पिनांगच्या विधवा विचारू लागल्या. आपण टाळ्या वाजवून तिला मंडळाच्या पुढच्या खोलीत सपाता करायला-विकायला टेबल दिलं. त्या भरवशावर तिनं बँक सोडली.

आणि नऊ मे, सकाळचे अकरा वीस. मी तिथेच पंख्याखाली बसले होते. एक वरमाय खरेदीला आली. निळी जोडी दिसताच किंचाळली, "अगं बाई! लग्नाला आलोय की मयताला?"

बेंग हुआत धावत आले. "पोह लियान, उचल हे सगळं. टेबलही हलवतोय."

"काका, मग मी बसू कुठे?"

"घरी बस की. छंद म्हणून कर, आधी करायचीस तसा."

सभागृहातल्या सुज्ञांना विचारते, एखाद्या मुलीच्या आयुष्याला 'छंद' म्हणून परत घरी पाठवायला किती वेळ लागतो? तिचा मासा अर्धाच होता. तिनं मणीकामाची चौकट पदरासारखी छातीशी धरली आणि निघाली.

रिवाज म्हणता? निळा-पांढरा हाही आपलाच रिवाज. अर्धाच जपायचा असेल, तर बाहेरच्या पाटीवरही मंडळाचं अर्धंच नाव ठेवा.

काल तिच्या घरी गेले. चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. दारामागे बँकेचा गणवेश, इस्त्री करून टांगलेला.

"परत घेतायत, मिस. एक जुलैला हो किंवा नाही सांगायचंय."

"आणि शेपूट?"

"आता दिसत नाही."

मला रात्रभर तेवढंच ऐकू येत होतं.

अध्यक्षबाई, निमंत्रणात रंगीत पोशाखाचा आग्रह होता. पहिल्या रांगेत माझ्या पायांवरून कुजबुज चाललीय, तीही ऐकतेय. माझे यजमान गेले त्याला वर्ष व्हायचंय. या निळ्या-पांढऱ्या सपाता पोह लियानच्या हातच्या आहेत. यांच्यामुळेच मी आज उंबरा ओलांडू शकले. नीट बघून घ्या. कोणाचं लग्न मोडलं का?

बेंग हुआत, निवृत्तीच्या शुभेच्छा. तुमच्या हातून हे एवढं सोडून सगळं चांगलंच झालं. मंडळींनी ताट वाट बघत असताना ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. म्हातारीची जीभ कुठे जास्त चालली असेल, तर तेवढं पोटात घाला.

टेबलाचं मात्र कोणीही पोटात घालू नये. ते पुढच्या खोलीत परत येणार की नाही, हे कार्यकारिणीनं मला लेखी कळवावं. तीस जून, संध्याकाळी पाचच्या आत. सहा वाजता मी पोह लियानकडे जाणार आहे, आणि रिकाम्या हातानं जाणार नाही.