संतोषच्या गाडीच्या प्लेटा

निरवांगीच्या आमच्या संतोषनं जुनी स्पोर्ट्स बाईक घेतली, तिथून सगळं सुरू झालं बघा. त्या गाडीच्या थ्रॉटलमध्ये, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागात, प्लेटांच्या दोन ओळी असतात. पहिली आपण मूठ पिळली की उघडते. दुसरी ओळ गाडीच आपणहून हळूहळू उघडते, म्हणजे गाडी एकदम उसळत नाही. संतोष म्हणाला, "दुसऱ्या प्लेटा काढूनच टाकतो. गाडी वाऱ्यासारखी पळंल."

त्याची बायको उज्ज्वला म्हणाली, "कंपनीनं काय उगंच बसवल्यात व्हय?"

यानं काढल्याच. अंगणात जरा मूठ पिळली, तर गाडी त्याला घेऊन सरळ शेजारच्या तात्यांच्या उसात! तोंडभर पाचटाचे ओरखडे घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "उद्या परत बसवतो."

सकाळी गाडी जागेवर नाही. माहेरी भावांच्या गाड्या फिरवून तरबेज झालेली उज्ज्वला ती घेऊन लोणी देवकरला ड्युटीवर गेलेली. संध्याकाळी हसतच परतली.

"चावी दे," संतोष म्हणाला, "प्लेटा बसवायच्यात."

"कशाला? आत्ता कुठं झकास पळतीया. मूठ तेवढी हळू पिळायची."

"अगं, पण प्लेटा हायत कुठं?"

"माझ्या माहेरी, जाताना ठिवून आले. जावा, मागा माझ्या आबांकडं."