कुंडलीची फ्लॉपी

रोशनी : दुसरा चहाही निवला, बाबा. काल ऑफिसातून आल्यापासून तुम्ही धड बोलला नाहीत.

धनराज : आमच्या महापालिकेच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला गं. जन्म-मृत्यूच्या सगळ्या नोंदी गेल्या.

रोशनी : दुसरी प्रत नव्हती?

धनराज : होती की. त्याच मशीनमध्ये.

रोशनी : अरे देवा.

धनराज : कागदी रजिस्टरं आहेत, बघून पुन्हा टाइप करता येईल. पण इंजिनिअर म्हणाला, कुणीतरी बाहेरची फ्लॉपी घातली. साहेबांनी निकितावरच ठपका ठेवला. कंत्राटी पोरगी, गेम आणत असेल म्हणे. सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं तिला.

रोशनी : तिनंच घातली होती?

धनराज : नाही.

रोशनी : बाबा?

धनराज : पंचवटीत तो कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देतो ना, त्याचा प्रिंटर बिघडला होता. तुझी पत्रिका त्यानं फ्लॉपीत भरून दिली. म्हटलं, ऑफिसात छापू. देवापुढे ठेवून, हळदकुंकू लावून नेली गं मी ती. तिच्यात असलं काही असेल, असं मनातसुद्धा आलं नाही.

रोशनी : साहेबांना का नाही सांगितलंत?

धनराज : सांगणार होतो. मग तू डोळ्यांपुढे आलीस. मला सस्पेंड केलं आणि मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर? आज संध्याकाळी येतायत ते.

रोशनी : निकिता काय म्हणाली?

धनराज : जाताना माझा डबा धुऊन टेबलावर ठेवून गेली. रोज ठेवते तसा.

(रोशनी त्याच्या हातातला कप काढून घेते.)

रोशनी : मुलाकडच्यांना मी फोन करते. काय झालं ते सांगते. यायचं असेल तर येतील.

धनराज : आणि नाही आले तर?

रोशनी : तर राहीन की तुमच्याजवळ आणखी थोडे दिवस. जड झाले का मी तुम्हाला?

धनराज : वेडी आहेस. उद्या गेल्या गेल्या साहेबांना सांगतो.

रोशनी : आणि आजचा दिवस तिनं कसा काढायचा? शर्ट बदला. कुठं राहते ती?

धनराज : एकलहऱ्याला, आईबरोबर. पण तिच्या दारात उभा राहून मी बोलू काय?

रोशनी : मला सांगितलंत तेच. मी असेन शेजारी.