लाल झाडाशी उजवीकडे

विमल : "लाल झाडाशी उजवीकडे वळा." तिसऱ्यांदा वाचून राह्यली. अहो, पन लाल झाड हाय कुठी? सारं हिरवं दिसून राह्यलं!

बबनराव : नीट पाहाय. बाजूले बसणाऱ्यानं खुणा पाहायच्या, चालवणाऱ्यानं गाडी चालवायची. रॅलीचा नियमच हाय तसा.

विमल : नियम तुमचा, खुणा तुमच्या, मोटार मंडळाचे सेक्रेटरीही तुमीच. सकाळी यवतमाळहून पाच गाड्या निघाल्या, अन् ज्यानं रस्ता लिहिला तोच चुकला!

बबनराव : चुकलो नाई वो. थोडा आडवा आलो.

विमल : हेच कापसाचं वावर तीनदा आलं. वेचणाऱ्या बाया हात दाखवून राह्यल्या आता, येष्टी समजून. थांबवा अन् त्यायलेच विचारा.

बबनराव : रस्ता विचारला का बाद! पयला नियम तोच लिहिला मी. मीटिंगमंदी टाळ्या पडल्या होत्या.

विमल : ह्या खुणा लिहिल्या कवा तुमी?

बबनराव : होळीच्या वक्ती. मंग माहीच गाडी मिस्त्रीकडे पडली, म्हनून रॅली दिवाळीनंतर गेली.

विमल : होळीच्या वक्ती! मंग तो पळस असन ना हो! फुलला असन तवा. आता दिवाळी झाल्यावर तो काय तुमच्यासाठी लाल राहीन?

बबनराव : अरे बाप्पा!

विमल : अन् पळस काय एक हाय? साऱ्या धुऱ्यावर, बांधाबांधावर तेच हायेत.

बबनराव : मले एकच दिसला होता. इतका लाल, का बाकीचं काही दिसलंच नाई. वा रे सेक्रेटरी! चारी गाड्यावाले आता एकेका पळसापाशी उतरून माह्या नावानं शिव्या देत असतीन.

विमल : हा वास कायचा येते?

बबनराव : रेडिएटरचं पानी उकळलं. गेली गाडी. उतर आता.

विमल : थांबा थांबा. ती चिंच, चिंचेखालची विहीर... अहो, इथं मी बोरं वेचली हाय! ही तर माह्या माहेरची मागची वाट हाय!

बबनराव : असन. रॅली कोनाच्याही माहेरावरून जाते.

विमल : शेवट कुठी हाय रॅलीचा? खरं सांगा.

बबनराव : तुह्या घनश्यामदादाच्या दारात. साऱ्यायचं जेवन तिथंच हाय. निरोप मंडळाच्या नावानं धाडला. माहं नाव नाई घेतलं.

विमल : अगं बाई! अन् तुमची शपथ? तुमी भांडले तवा आपून मध्यप्रदेशात होतो. मंग मुंबई राज्य आलं, मंग महाराष्ट्र झाला. सरकारं बदलून गेले, तुमचा रुसवा नाई गेला. मी एकलीच येष्टीनं येते, अन् दादा दरवेळी माह्या मागं पाह्यते, जावई उतरले काय म्हनून. लय जीवाले लागते मले ते.

बबनराव : त्यानं भर पंगतीत माह्या गाडीले खटारा म्हटलं! अन् ही बया तवाच बंद पडली. त्याच्याच बैलायनं ओढत सडकेवर नेली, सारं गाव मागं. म्हनून म्हटलं, बैलाबिगर, आपल्या पायानं येईन तवाच हा उंबरा चढीन.

विमल : मंग आता लाल झाडाच्या पुढची खूण कोन्ती?

बबनराव : पुढच्या खुणा खोट्या हायेत. होळीले इथवरच आलतो मी. झाड पाह्यलं, धीर सुटला, गाडी फिरवली. बाकीचं घरी चहा पेत लिहिलं.

(बैलजोडी घेऊन भावसिंग येतो.)

भावसिंग : राम राम, साहेब. राम राम, विमलबाई. मी भावसिंग, तांड्यातला. घनश्यामभाऊच्या धुऱ्याले लागून माहं वावर हाय. त्यायनंच धाडलं.

विमल : बाकीच्या गाड्या रे?

भावसिंग : चारी पोचल्या. पंगत बसली.

बबनराव : लाल झाड सापडलं त्यायले?

भावसिंग : कायचं झाड, जी? फाट्यावरच विचारलं म्हने त्यायनं, सेक्रेटरीसाहेबाची सासरवाडी कोन्ती म्हनून. म्हने, साहेब दुसरीकडं कायले नेतीन आमाले?

बबनराव : विचारलं? मंग सारे बाद! विमल, जिंकलो आपून!

विमल : जिंकले! अन् आमी इथं हावो हे तुले कसं समजलं, भावसिंग?

भावसिंग : भाऊ म्हने, जावई त्या केसुल्यापाशी असतीन. आमच्या बोलीत पळसाच्या फुलाले केसुला म्हंतात. होळीलेही इथंच आलते ना साहेब. भाऊ वावरातून हाका मारत धावले होते, पन साहेबानं गाडी फिरवली.

बबनराव : धावला होता? घनश्याम?

भावसिंग : अनवाणी, जी. मंग धुरळ्यातच उभे राह्यले. आज म्हने, बैल घेऊनच जा, गाडी बंद पडली असन.

बबनराव : खटारा म्हटलं असन.

भावसिंग : नाई जी. जावयाची मोटार म्हटलं.

विमल : ऐकलं ना हो? जुंपू द्यायचे का बैल? का शपथ हाय अजून?

बबनराव : आपल्या पायानं, असंच म्हटलं होतं ना मी? जुंप, भावसिंग. गाडी बैलाच्या पायानं येईन, मी माह्या पायानं येतो.

विमल : अन् स्टेअरिंग कोन धरन?

बबनराव : तूच धर. इथून पुढचा रस्ता तुलेच माहीत हाय.